चार-बाराची गाडी

एकोणतीस वर्षं आनेली रुएगने झुरिखच्या कारखान्यात तांब्याची वेटोळी गुंडाळली आणि एकोणतीस वर्षं चार-बाराच्याच गाडीने घर गाठलं. पुढची गाडी अर्ध्या तासाने असते, काही जगबुडी होत नाही. पण शिस्त अंगात भिनली की माणूस खुळा होतो.

रेल्वे इंजिनाच्या पोटातला तेलाने भरलेला अवजड ट्रान्सफॉर्मर काढून तिथे नऊ हलक्या पेट्या बसवायच्या, हे वेड कारखान्यातल्या इंजिनिअर लुकास वेटश्टाइनचं. त्यापायी त्याने दहा वर्षं घालवली होती. प्रत्येक पेटीतलं वेटोळं आनेलीच्या हातचं. वेटोळ्यावर राळ ओतायची आणि पंपाने आतली हवा पुरी चाळीस मिनिटं ओढायची. एखादा बुडबुडा राहिला, तर तिथे ठिणग्या उडून राळ आतून पोखरत जाते.

एका शुक्रवारी तिने पंप पंचवीस मिनिटांत बंद केला. चार वाजायला आले होते.

चाचणीच्या सकाळी रेल्वेचे साहेब यार्डात जमले. इंजिन अडलं तर लुकासचं काम आजच बंद होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आनेलीला राहवेना.

"लुकास, चार नंबरची पेटी दगा देईल. चूक माझी आहे. पंप लवकर बंद केला मी."

तो पांढराफटक पडला, मग सावरला. "एकच ना? अगं, एक गेली तरी आठ ओढतात. दोन असत्या तर आज चाचणीच रद्द केली असती मी."

त्या शुक्रवारच्या घाण्यातून दोन वेटोळी निघाली होती, चौथं आणि सातवं. त्याचा जीव भांड्यात पडलेला पाहून तिची जीभ उचलेना. इतकं भेकड असू नये माणसाने, पण ती होती.

डबे जोडून, सगळ्यांना घेऊन इंजिन चढाला लागलं. थोड्या वेळाने पेट्यांच्या नऊ दिव्यांपैकी चौथा लाल झाला. वेग तसूभरही ढळला नाही. साहेबांनी माना डोलावल्या.

"बघितलंस?" लुकास हसला.

"सातवीपण, लुकास. सातवीपण त्याच दिवसाची आहे."

तो वळेपर्यंत सातवा दिवा लाल झाला होता. इंजिन चढावरच थांबलं. साहेबांपैकी एकाने वही मिटून पिशवीत टाकली.

लुकासने विचारलं, "पण पंप का बंद केलास गं?"

"चार-बाराची गाडी चुकली असती."

तिच्याजवळ दुसरं कारण नव्हतं.