सगळेच हेडमास्तर

आमच्या शाळेला हेडमास्तर नाही. अंबरपेठच्या बाजूचं सरकारी हायस्कूल. आधीचे सर रिटायर झाले आणि जागा काही भरली नाही. सगळ्यांत सीनियर म्हणून इन-चार्ज मी. जीवशास्त्राचे तास होते तेवढेच, वर ही हमाली. पगारात काही फरक पडला नाही, गुडघ्यांत मात्र पडला.

हेडमास्तरच्या खुर्चीत मी बसत नाही. इन-चार्जनं शेजारी लाकडी खुर्ची टाकून बसायचं अशी आमच्याकडची रीत, कुणी घालून दिली देव जाणे. येणारा माणूस त्या मोठ्या रिकाम्या खुर्चीकडं बघून विचारतो, "सर कब आते?" मी म्हणते, "आते नहीं. मुझसे बोलो." मग त्याचं तोंड पडतं.

सुरुवातीलाच मी स्टाफरूममध्ये सांगून टाकलं, बाबांनो, मला एकटीला झेपायचं नाही, वाटून घ्या. दहावीचं सगळं गणिताच्या सरांकडं गेलं, ऑफिसचं काम तेलुगूच्या मॅडमकडं. मोठं काही निघालं तर सगळ्यांनी बसून ठरवायचं. तपासणीला आलेल्या साहेबांना हे फार आवडलं. नेतृत्व असंच वाटून घेतलेलं पाहिजे, म्हणाले. घ्या! त्यांना काय जातंय म्हणायला? इथं नळाची तोटी बदलायची तरी मीटिंग. सर म्हणणार, मॅडमना विचारा. मॅडम म्हणणार, "चूद्दाम", म्हणजे बघू, आणि ते बघणं कधी होतच नसे. संध्याकाळी चिक्कडपल्लीला घरी पोचले की चपला काढायचंसुद्धा जिवावर यायचं.

हिवाळ्यात दहावीतल्या एका मुलीचे वडील आले. मूळचे देगलूरकडचे, इथं एका इमारतीवर वॉचमन. मी मराठी बोलते म्हटल्यावर जरा मोकळे झाले. "बाई, पोरीची टीसी पाहिजे. कुकटपल्लीला नवीन काम लागलंय, खोली बी देतेत. तिकडंच शाळेत घालतो तिला."

मी मुलीला बाजूला घेऊन विचारलं. ती खाली बघत म्हणाली, "शाळेत नाही घालणार, मॅडम. मम्मीनं फ्लॅटांत माझ्यासाठी धुण्याभांड्याची कामं बघून ठेवलीत. टीसी देऊ नका ना. परीक्षा लिहू द्या मला."

दहावीची नावं बोर्डाकडं जाऊन चुकली होती. टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, दिली की इथलं नाव कटणार, आणि ऐन वर्षात दुसरीकडं तिला कोण घेणार? पण बापानं टीसी मागितली तर नाही म्हणता येत नाही, नियम आहे. तोंडातून सवयीनंच गेलं, "दहावीचं गणिताचे सर बघतात, त्यांना विचारा."

सरांनी त्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, लायब्ररीची पुस्तकं परत आलीत का ते मॅडम सांगतील. मॅडम म्हणाल्या, "चूद्दाम. मीटिंगमध्ये ठेवू." वडील गेल्यावर मुलीचं म्हणणं मी दोघांना सांगितलं आणि आम्ही तिघं एकमेकांकडं बघत राहिलो. मग सर हळूच हसले.

ज्या टोलवाटोलवीनं माझं डोकं उठवलं होतं, तीच आम्ही त्या दिवसापासून अगदी मन लावून करायला लागलो. वडील आले की कुणी रजेवर, कुणी तासावर. शिक्का कपाटात, आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडं ते ट्रेनिंगला. इतकी एकी आमच्यात कधी दिसली नव्हती.

त्या माणसाची दया यायची हो. कुकटपल्लीहून बस बदलत यायचा, रात्रपाळीनं डोळे लाल झालेले. एकदा मात्र ओरडलाच, "अहो बाई, या शाळेत मोठं कोण हाय, तेवढं तरी सांगा!"

"सगळेच मोठे आहेत, दादा," मी म्हटलं. "तेच तर दुखणं आहे."

त्यानंतर तो यायचा बंद झाला. मुलगी मात्र रोज कुकटपल्लीहून बसनं येत राहिली. आम्हाला वाटलं, कंटाळला, सोडला त्यानं नाद. सरांनी स्टाफरूममध्ये चहा-समोसे मागवले. मॅडम म्हणाल्या, कधी नव्हे ते आपण एक काम तडीस नेलं. खोटं कशाला सांगू, मलाही फार बरं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदा त्या दिवशी मी घरी जाऊन दोन घास चवीनं खाल्ले.

शेवटच्या पेपरला मी परीक्षा केंद्राच्या गेटपाशी उभी होते. पॅड छातीशी धरून ती बाहेर आली. "बरा गेला, मॅडम."

"शाब्बास गं! रिझल्ट लागला की ये. टीसी मी स्वतः लिहून देते, मीटिंग नाही की काही नाही."

"टीसी नको, मॅडम."

"अगं, नको कशी? त्याशिवाय कॉलेजवाले घेतील का तुला?"

"कॉलेजचं नाव काढणार नाही असा शब्द दिलाय मी पप्पाला. दहावी लिहू द्या, मग सांगाल ते काम करते, म्हटलं. तेव्हाच तर ते यायचे थांबले ना." माझा चेहरा बघून तिनं माझाच हात धरला. "तुम्ही नका वाईट वाटून घेऊ. पेपर तर सगळे लिहिले मी." तेवढ्यात बस आली आणि ती पळाली.

हे स्टाफरूममध्ये सांगायला माझी जीभ अजून उचललेली नाही. कुणी नवीन शिक्षक आले की सर आजही चहा मागवतात आणि रंगवून रंगवून सांगतात, आपण सगळ्यांनी मिळून एका पोरीला कसं वाचवलं.