स्वेच्छेचा अर्ज

आमच्या कॉलेजात वेळापत्रक फक्त एका मुलीने मनावर घेतलं होतं, आणि तिलाच आम्ही घालवून दिलं.

मी मराठी शिकवतो. वेळापत्रक लावायचं काम माझ्याकडे आणि शिस्त समितीतली एक खुर्चीही, दोन्ही न मागता गळ्यात पडलेली. ती मुलगी शिरूर कासारकडची, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. तिच्या दिव्यांग प्रमाणपत्रावर 'स्वमग्न' असं लिहिलेलं होतं. स्टाफरूममध्ये त्या शब्दाचा अर्थ कुणी विचारला नाही. मीही शब्दकोश उघडून बघितला आणि मिटून ठेवला. ती बोलायची पाठ्यपुस्तकातल्यासारखं शुद्ध, त्यामुळे पोरी हसायच्या. तिला त्याचं काही नव्हतं.

तिचं म्हणणं एकच. दुसरा तास भूगोलाचा लिहिलाय ना, मग भूगोलाचेच सर हवेत. आमच्याकडे तर कोण कधी कुठल्या वर्गात शिरेल याचा नेम नाही. कुणाच्या घरी सोयरीक, कुणाला पुढाऱ्याची सभा, कुणी नारायणगडला दर्शनाला गेलेलं. भलतेच सर आले की ती उठून उभी राहायची, कान दाबून धरायची आणि ओरडायची, "हा तास तुमचा नाही!" प्राध्यापक मंडळींना हा उद्धटपणा वाटायचा. बोलायची खरं, म्हणून जास्तच झोंबायचं.

मला त्यावर एक साधा उपाय सापडला. उद्याचा बदल आजच एका चिठ्ठीवर लिहून तिच्या हातात द्यायचा. मग दुसऱ्या दिवशी कुणीही येवो, ती गप बसून लिहून घ्यायची. दिवाळीनंतर कितीतरी दिवस तिची एकही तक्रार आली नाही. मी मनातून फुशारलो. पण ही युक्ती मी कुणाला सांगितली नाही. हसतील असं वाटलं हे खरं, आणि हे फक्त आपल्यालाच जमतं याची गोडी लागली होती हेही तितकंच खरं. त्या गोडीचा आज संताप येतो.

एके दिवशी मी कडा गावी पाहुण्यांच्या लग्नाला गेलो आणि चिठ्ठी द्यायची राहिली. दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या तासाला अर्थशास्त्राचे सर गेले. ती दारात आडवी उभी राहिली. सरांनी दंड धरून तिला बाजूला ओढलं, तेव्हा तिने त्यांच्या मनगटाला कडकडून चावा घेतला.

समितीत मी चिठ्ठीची हकिगत सांगितली. अर्थशास्त्राचे सर म्हणाले, "म्हणजे आम्ही वर्गात जायचं तर आधी तिची परवानगी काढायची?" त्यांच्या हाताला पट्टी होती, त्यामुळे कुणी उलट बोललं नाही. मीही नाही. प्राचार्य तसे वाईट नाहीत. म्हणाले, "काढून टाकलं तर दाखल्यावर शेरा येईल, पोरीचं वाटोळं होईल. त्यापेक्षा पालकांकडून स्वेच्छेचा अर्ज घ्या." सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं, ते लपवत नाही.

तिची आई ऊसतोडीला सांगलीकडे गेलेली. फडावरून तशीच उठून, एसट्या बदलत आली. प्राचार्यांच्या खोलीत खुर्चीत बसायलाच तयार नव्हती.

"सर, मारा तिला, पर काढू नका. घरी सासू हाय, तिला डोळ्यानं दिसत न्हाई. फडावर न्यावं तर ही लई आरडती, मुकादम ठिवून घेईना. इथंच काय ती निवांत असती वो."

मी दाखला स्वच्छ राहण्याचं महत्त्व सांगत राहिलो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"पुढल्या साली घेताल का मग?"

"बघू," मी म्हणालो. आमच्याकडे बघू म्हणजे नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

आईला लिहिता येत नव्हतं, म्हणून अर्ज मीच लिहिला. घरगुती अडचणीमुळे प्रवेश स्वेच्छेने रद्द करण्यात यावा, ही विनंती. खाली दोघींसाठी जागा सोडली. आईने शाईच्या पॅडवर अंगठा टेकवून उठवला. मुलीने मात्र कागद हातात घेऊन वाचला.

"हे खोटं आहे, सर. मी विनंती केलेली नाही. ही विनंती तुमची आहे."

मी पेन पुढे केलं. तिने दोन्ही हात पाठीमागे बांधले. मी समजावलं, आई रडली, प्राचार्यांनी घड्याळ बघितलं. शेवटी आईने तिचा हात ओढून पुढे घेतला, अंगठा शाईत दाबला आणि कागदावर टेकवला. मला वाटलं आता ती ओरडेल. ती ओरडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

अंगठा कुणाचा ते शेजारी लिहावं लागतं. बी.ए.त शिकणाऱ्या मुलीच्या नावापुढे मी 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' असं लिहिलं, आणि खाली साक्षीदार म्हणून सही केली.