खैतानचा मध्यस्थ

माझा पोटापाण्याचा उद्योग यंत्रं दुरुस्त करण्याचा. कुवेतच्या एका हॉस्पिटलात वीसेक वर्षं मी डायलिसिसची मशिनं सांभाळतोय. पण मराठी मंडळात मला त्यासाठी कुणी ओळखत नाही. तिथे मी ‘काका’ आहे, मोडत आलेले संसार जोडणारा. हे पद मला कुणी दिलं नव्हतं. मीच घेतलं, आणि नको म्हणायची हिंमत कुणाला झाली नाही.

पद्धत ठरलेली. भांडलेल्या जोडप्याला शुक्रवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, खैतान भागातल्या आमच्या घरी जेवायला बोलवायचं. मटकीची उसळ, भाकरी, वर आमरस. जेवणं झाली की दोघांना एकेक फुलस्केप कागद देऊन वेगवेगळ्या खोल्यांत बसवायचं आणि सांगायचं, जोडीदाराचे दहा गुण लिहा. नवरे साधारण चौथ्या गुणाशी अडायचे. एकानं चौथा गुण ‘उंची’ लिहिला होता. मग मी दोन्ही कागद मोठ्यानं वाचायचो, कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी यायचं आणि माझ्या खात्यात आणखी एक संसार जमा व्हायचा. मशीन अडलं की बंद करा, दोन मिनिटं थांबा, परत चालू करा, यापलीकडे माझं तत्त्वज्ञान गेलेलं नव्हतं.

“अहो, कशाला लष्कराच्या भाकऱ्या भाजताय?” बायको म्हणायची. खरं तर भाकऱ्या तीच भाजायची, मी नुसता बोलायचो.

गेल्या जुलैत आमची मुलगी पुण्याहून आली. एकुलती एक, तीस वर्षांची, लग्नाला पाच वर्षं झालेली. पहिल्याच संध्याकाळी तिनं चहाचा कप खाली ठेवला आणि सांगितलं की ती आणि जावई वेगळे होणार आहेत. वर्षभर वेगळे राहतच होते. दोघांच्या संमतीचा अर्ज वकिलाकडे तयार होता, ती परत गेली की दोघं सही करणार होते. वर्षभर व्हिडिओ कॉलवर तिच्या मागची भिंत वेगळी दिसत होती आणि मी तिला म्हणालो होतो, रंग छान दिलाय.

“बाबा, भांडण वगैरे काही नाहीये. आमचं डिस्कशन संपलंय,” ती म्हणाली. “फक्त तू माझ्या बाजूनं उभा राहा. बाकीच्या नातेवाइकांचं मी बघते.”

मी मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून ओळखीच्यांना सांगायला लागलो की लेक हवापालटाला आलीय. जुलैत, कुवेतला! बाहेर पन्नास अंश, गाडीच्या दाराला हात लावला तर चटका बसतो, आणि माझी मुलगी हवापालटाला! लोक सभ्य आहेत, ते ‘हो का’ म्हणाले.

आणि शुक्रवारी मी गुपचूप जावयाला फोन केला. माझी सुट्टी, त्याचा कामाचा दिवस, म्हणून नेमका त्याच्या जेवणाच्या वेळी. पुढच्या शुक्रवारी पुन्हा, त्याच्या पुढच्याही. तो बिचारा ऐकून घ्यायचा. मी म्हणायचो, “सहा महिने थांब. मी तिला समजावतो.” तिला मी काहीच समजावत नव्हतो. तिच्यासमोर मी फक्त आंबे कापत होतो.

त्याच सुमारास मंडळाच्या अभ्यासवर्गात माझी पाळी आली. उन्हाळ्यात अर्धी माणसं गावी जातात, उरलेल्यांना मला ऐकावं लागतं. वर्षाची मालिका होती ‘जगातले संसार’. चिठ्ठ्या टाकल्या होत्या. कुणाला जपान आलं, कुणाला इजिप्त, मला उत्तर युरोप : स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क आणि त्यांचे शेजारी, विसाव्या शतकात तिथे लग्न आणि घटस्फोटाकडे बघायची दृष्टी कशी बदलली. मला विषय आवडला. लांबचा, बर्फातला, कुणाला झोंबणार नाही असा. वाचायचं काम मी मुलीवर ढकललं. “तुझं इंग्रजी चांगलं आहे,” म्हणालो.

तिनं पंधरा दिवस खाली मान घालून वाचलं आणि टिपणं मराठीत टाइप करून दिली. त्यातून मला पहिल्यांदा कळलं की आधी तिकडेही घटस्फोट हवा असेल तर कुणाचा तरी गुन्हा सिद्ध करावा लागे, व्यभिचार म्हणा, सोडून जाणं म्हणा. शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत या देशांतले जाणकार एकत्र बसले आणि त्यांनी कायदे नव्यानं लिहिले. दोघांनाही एकत्र राहणं जमत नसेल तर काही काळ वेगळं राहा, मग घटस्फोट घ्या, दोषी कुणी नाही. बायकोवरची नवऱ्याची सत्ता गेली, आणि घरकाम हाही संसाराला लावलेला हातभारच, असं कायद्यानं मानलं. ही माणसं संत नव्हती. त्यांना लग्न मोडायचं नव्हतं, निरोगी लग्नं हवी होती, आणि त्याच कायद्यांनी काही आजारी माणसांना लग्नच नाकारलं होतं. पुढे सत्तरच्या दशकाकडे थांबायची मुदत कमी झाली किंवा गेली, बायकोच्या कमाईवरचा कर नवऱ्यापासून वेगळा झाला, आणि लग्नात राहायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं, असं सरकार म्हणू लागलं.

एका टिपणाखाली तिनं रेघ मारली होती. जुन्या पद्धतीत वेगळं होण्याआधी मध्यस्थाकडे जावं लागे, पुष्कळदा तो गावचा पाद्री असे. तो दोघांना समजावायचा. पुढे लोक तिथे नुसते हजेरी लावायला जातात हे लक्षात आलं आणि ती सक्ती काढून टाकली. रेघ मी पाहिली. मला वाटलं, परीक्षेच्या दृष्टीनं महत्त्वाचं असेल.

भाषण जवळच्या फरवानिया भागातल्या एका उपाहारगृहाच्या वरच्या हॉलमध्ये झालं. पंचवीसेक माणसं होती, मुलगी तिसऱ्या रांगेत. मी पाद्र्याचं टिपण वाचलं, लोक हसले, मीही हसलो. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, “काका, हे आपल्याकडे चालेल का?”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण उंटांच्या देशात वीस वर्षं राहून मी उंटावरचाच शहाणा झालेलो. म्हणालो, “कायदा काहीही म्हणो, आपल्याकडे समजावणारं माणूस लागतं. मी इतकी घरं सावरली आणि देवाच्या दयेनं माझ्या घरात हा प्रश्न कधी आला नाही.” मग भर म्हणून एका जोडप्याची गोष्ट सांगितली, नाव न घेता. आठ वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेली एक नर्स, तिचे अश्रू, तिचे दहाच्या दहा गुण. टाळ्या झाल्या. तिसऱ्या रांगेकडे मी पाहिलं नाही.

ती नर्स हॉलमध्येच होती. समोशांच्या टेबलापाशी ती माझ्याजवळ आली. माझी मुलगी शेजारीच उभी होती.

“काका, आम्ही वेगळे होऊन तीन वर्षं झाली,” ती हळूच म्हणाली. “तो दोहाला नोकरीला आहे असं मी सगळ्यांना सांगते. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

मी म्हणालो, “पण तू तर दहाच्या दहा गुण लिहिले होतेस.”

“मी वॉर्डात रोज रिपोर्ट लिहिते, काका. रकाना रिकामा ठेवायची सवय नाही मला.”

तिनं मला समोसा वाढला. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. पाच वर्षं ती माझ्या समाधानासाठी थांबली होती आणि नंतरची तीन वर्षं माझ्याच समाधानासाठी खोटं बोलत होती.

परतताना मुलगी गाडीत माझ्या शेजारी बसली. खैतानच्या वळणावर म्हणाली, “त्याचा सकाळी फोन आला होता. सही करणार नाही म्हणतोय. बाबा म्हणतायत सहा महिने थांब, म्हणून.”

कितीही मोठा झाला तरी माणूस चोरी पकडली गेली की आधी तोंड दुसरीकडे वळवतो. मी आरशात बघितलं, इंडिकेटर दिला, नको तिथे वळलो. इमारतीखाली नशिबानं जागा मिळाली. एसीसाठी इंजिन चालूच ठेवलं, नाहीतर उन्हात भाजून निघालो असतो. तिच्यासमोरच मी जावयाला फोन लावला.

“मी तुला जे जे सांगितलं ते सगळं चुकीचं होतं,” मी म्हणालो. “तुमचं दोघांचं ठरलंय तसंच करा. मी मध्ये पडणार नाही.”

तो म्हणाला, “थँक यू, बाबा.” त्याच्या आवाजातली सुटका मला ऐकू आली. त्यालाही मीच अडकवून ठेवलं होतं.

फोन खिशात ठेवला आणि मला, खरं सांगतो, जरा बरं वाटलं. काम झालं. आणखी एक बिघाड दूर. मी दाराच्या खटक्याला हात घातला.

“बाबा,” ती म्हणाली, “महिना झाला मला येऊन. तू एकदाही विचारलं नाहीस की नेमकं झालं काय.”

मी हात काढून घेतला. इतक्या लोकांना घरी बोलावून, जेवू घालून, कागद देऊन बसवलं, पण हा साधा प्रश्न मी कधी कुणालाच विचारला नव्हता. उत्तर ऐकलं की जोडणं अवघड होतं, हे मला आतून माहीत असावं.

“काय झालं गं?”

तिनं सांगितलं. तासभर तरी सांगत होती. ते तिचं आहे, इथे लिहिणार नाही. त्यातलं माझ्या वाटणीचं तेवढं लिहितो. तीन वर्षांपूर्वी, सगळं पहिल्यांदा असह्य झालं त्या शुक्रवारी, ती पुण्यात जिन्यावर बसून मला फोन करत होती. मी उचलला आणि म्हणालो, “बाळ, घरी एक जोडपं आलंय, फार नाजूक प्रकरण आहे, नंतर करतो.”

नंतर मी केला नाही. ती वाट बघत जिन्यावर बसून राहिली, काळोख पडेपर्यंत.

ते जोडपं कोणतं, हे आठवायचा मी त्या दिवसापासून खूप प्रयत्न केला. आठवत नाही.