मेश्रामसाहेबांच्या बदल्या

नंदनवन नावाच्या वस्तीतल्या आमच्या गल्लीत सकाळी सातच्या सुमारास एक गृहस्थ हातात स्टीलचा डबा घेऊन रस्ता ओलांडत. डब्याच्या झाकणाला खिळ्याने पाडलेली सात भोके होती. समोरच्या रिकाम्या प्लॉटवर कढीलिंबाचे एक मोठे झुडूप आपोआप उगवलेले होते. तिथे ते डबा उघडत, जुन्या लग्नपत्रिकेच्या तुकड्याने आतला एकेक जीव उचलून पानावर ठेवत, मग डबा उपडा करून बुडावर दोन टिचक्या मारत आणि परत येत. कुणी विचारलेच तर एवढेच सांगत, "बदलीवर पाठवले."

डब्यात अळ्या असत. त्यांच्या अंगणातल्या संत्र्याच्या झाडावरच्या.

मेश्रामसाहेब एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. आस्थापना शाखा म्हणजे बदल्या. नोकरीभर त्यांनी दुसऱ्यांच्या बदल्यांचे आदेश तयार केले. स्वतःची एकदाही होऊ दिली नाही. घराणे वडिलांच्या पिढीपासून बौद्ध. रोज सकाळी आंघोळ झाली की नवरा-बायको बुद्धमूर्तीपुढे उभे राहून पंचशील म्हणत, आणि त्यातले पहिले शील, जीवहत्या न करण्याचे, साहेबांनी अंगणालाही लागू केले होते. अडचण अशी होती की त्यांना भाजीपाल्याचाही शौक होता. शील आणि वांगी एकाच अंगणात नांदवायची, तर मधला मार्ग काढावा लागतो. त्यांना एकच मार्ग येत होता.

शेजारच्या घराचा वरचा मजला मी किरायाने घेतला, तेव्हा त्यांनी कंपाउंडच्या भिंतीवरून माझी चौकशी केली.

"काय करता?"

"पेपरमध्ये आहे. रविवारी परसबागेचं सदरही बघतो."

"म्हणजे 'औषध मारा, औषध मारा' असं लोकायले तुम्हीच सांगून राहिले का?"

मी सांगितले, की उत्तरे कृषी महाविद्यालयातले एक निवृत्त प्राध्यापक देतात, मी फक्त भाषा सुधारतो.

"मंग भाषाच सुधारा ना. विषाले औषध काहून म्हणता? औषधानं जीव वाचते. ह्यानं मरते. एवढा एक शब्द दुरुस्त करा, मंग भाषेचं पाहू."

पुढच्या रविवारपासून सदरात 'औषध'च्या जागी 'कीटकनाशक' छापून येऊ लागले. एकाही वाचकाच्या ते लक्षात आले नाही. साहेबांच्या आले. त्यांनी भिंतीवरून सांभाराची एक जुडी दिली. कोथिंबिरीला इकडे सांभार म्हणतात, आणि ती त्यांच्या अंगणातली होती.

अंगण लहान होते. गेटपासून नळापर्यंत वांगी, भेंडी, टमाटर, भिंतीवर वालाचा वेल, कोपऱ्यात पपई, मधोमध संत्रा. एवढ्या जागेत जितके किडे येत, तितक्यांची साहेबांनी कार्यालयीन वर्गवारी केली होती. वालावरचा काळा मावा एकेक करून उचलता येत नाही. त्याच्यावर नळीने पाण्याची जोरदार धार मारत. ती सामूहिक बदली. पण त्याआधी वेलावर फिरणारे मुंगळे हटवावे लागत, कारण माव्याच्या अंगातून निघणाऱ्या गोड रसासाठी मुंगळे त्याची राखण करतात. "हे दलाल हायत. दलाल हटल्याशिवाय बदलीची फाइल हालत नाही." पपईवरचा पांढरा पिठ्या ढेकूण त्यांना सगळ्यात नकोसा होता. "वशिल्याचे लोक. एकदा चिकटले का चिकटले." गोगलगायींना ते हात लावत नसत. "रिटायरमेंटले आलेले हायत, जाऊ द्या."

संत्र्याच्या अळीबद्दल मात्र त्यांना आदर होता. लहान असताना ती चिमणीच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून कुणाच्या नजरेस येत नाही. मोठी झाली की हिरवीगार होते आणि डिवचली की डोक्यामागून दोन केशरी शिंगे बाहेर काढून उग्र वास सोडते. "पाहा, पाहा," साहेब लग्नपत्रिका पुढे करत म्हणायचे. "बदलीची ऑर्डर हातात पडली का प्रत्येक कर्मचारी असेच शिंगं काढते. मी तीस वर्षं पाहिले. दोन मिनिटांनी आपोआप आत जाते."

या अळ्यांना कढीलिंबावरच का सोडतात, तेही त्यांनी सांगितले होते. आधी त्यांनी कण्हेर, बोर, घाणेरी अशा सगळ्या झुडपांवर ठेवून पाहिल्या. तिथे त्या खाईनात. "उपाशी ठेवणं म्हणजे मारणंच झालं. कढीलिंबावर ठेवल्या, तर लगेच जेवाले बसल्या. बदली करा, पण क्वार्टरची सोय पाहून करा."

संत्र्याचे झाड मेश्रामकाकूंचे होते. त्यांचे माहेर काटोलकडचे, संत्र्याच्या बागांच्या मुलखातले. भावाने दिलेले कलम त्यांनी एसटीत मांडीवर धरून आणले होते. झाडाला सहावे वर्ष लागले तरी फळ नव्हते. कोवळी पालवी फुटली की अळ्या ती खाऊन टाकत, झाड पुन्हा पालवी काढी, त्याचा जोर त्यातच संपे. "माह्या अंगणातलं एक तरी संत्रं खाऊन मरीन म्हणते," असे काकू म्हणत. हे त्या दुःखाने म्हणत नसत. साहेब ऐकतील इतक्या आवाजात म्हणत.

हा प्रश्न ऐरणीवर आणला भोयरांनी. भोयर आमच्या गल्लीच्या टोकाला राहत. उमरेडकडे त्यांची शेती होती, घरी पाठीवरचा फवारणी पंप होता आणि ओठांवर गल्लीतली सर्वात भरदार मिशी होती. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी ते गेटशी येऊन झाडाकडे बघत उभे राहिले.

"मेश्रामसाहेब, एक पंप मारू द्या. अर्ध्या तासात मैदान साफ."

"मले झाड पाहिजे भोयर, मैदान नाही."

"अशानं झाडाले संत्रं लागलं, तर मी मिशी काढतो."

"अन् नाही लागलं तर?"

"तर पुढच्या वर्षी मी फवारतो. तुम्ही गेट उघडायचं अन् मधात बोलायचं नाही."

साहेबांनी थोडा विचार केला आणि मान्य केले. जाळीच्या दारामागून काकूंचा आवाज आला, "मिशी काढून संत्रं पोटात जाते का, भाऊ?" पैज लागली होती. आता प्रश्न साहेबांसाठी फक्त फळाचा नव्हता. आपल्या गेटच्या आत विष येऊ द्यायचे नव्हते. त्या दिवसापासून त्यांच्या बदल्या दिवसातून दोनदा होऊ लागल्या.

त्याच पावसाळ्यात आमच्या सदराकडे लिंबाच्या अळीबद्दल एका वाचकाचे पत्र आले. प्राध्यापकांनी उत्तर पाठवले. त्यातले एक वाक्य मी दोनदा वाचले. ही अळी ज्या फुलपाखराची, ते लिंबू-संत्र्याप्रमाणेच बेल आणि कढीलिंबावरही अंडी घालते. परिसरातली अशी झाडेही तपासावीत. म्हणजे साहेब अळ्यांना दूर पाठवत नव्हते. जेवणाखाण्याची उत्तम सोय असलेल्या ठिकाणी पाठवत होते. तिथे त्या वाढून, कोषात जाऊन, पंख घेऊन काही दिवसांत रस्त्याच्या अलीकडे परत येत होत्या. साहेबांचेच एक आवडते वाक्य होते, "बदली झालेला माणूस परत येतेच. त्याले फक्त टाइम लागते." ते त्यांनी अळ्यांना कधी लावून पाहिले नव्हते.

ही माहिती त्यांना द्यावी, म्हणून दुसऱ्या दिवशी मी खाली उतरलो. साहेब बदल्या आटोपून पेपर वाचत बसले होते. प्लॉटवर काकू होत्या. एका हाताने कढीलिंब तोडत होत्या. दुसऱ्या हातात स्टीलचा ग्लास होता.

"काकू, काय करताय?"

"पोह्याले कढीलिंब."

"आणि ग्लासात?"

त्यांनी ग्लासात पाहिले, मग माझ्याकडे. "साबणाचं पाणी."

आत दोन-तीन अळ्या होत्या. त्याच म्हणाल्या, "हे बदली करून राहिले, मी रिटायर करून राहिली. पैज लागली त्या दिवसापासून."

मी प्राध्यापकांचे वाक्य सांगू लागलो. त्यांनी ते मध्येच थांबवले. "मले काय सांगता? संत्र्याच्या बगिच्यात वाढली मी. अळी कुठून येते अन् कुठं जाते, हे मले लग्नाआधीपासून माहीत हाय."

"मग त्यांना सांगितलं का नाही?"

"सांगितलं तर हे इथं आणणं बंद करतीन. मारणार तर नाहीतच. मंग अळ्या झाडावरच राह्यतीन, अन् पुढच्या वर्षी भोयरभाऊ पंप घेऊन गेटवर. असं बरं हाय. ह्यायचं शील राह्यते, माह्यं झाड राह्यते."

"आणि तुमचं शील?"

त्यांनी तोडलेली पाने पदरात घेतली. "सकाळी पाच म्हणते. साडेसातले एक कमी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी परत पाच." दोन पावले जाऊन त्या वळल्या. "पेपरात देऊ नका हं."

दिले नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी, आंबिया बहाराच्या वेळी, झाड पांढऱ्या फुलांनी भरले. डिसेंबरात त्यावर अकरा संत्री पिकली. पहिले संत्रे काकूंनी देठाला पान ठेवून तोडले, बुद्धमूर्तीपुढे ठेवले आणि नंतर अंगणात सगळ्यांदेखत सोलले. भोयर शब्दाचे पक्के निघाले. ते मिशी काढून आले. त्यांना पाहून त्यांच्याच घरचे कुत्रे भुंकले होते, असे त्यांनी स्वतःच सांगितले. त्यांना एक फोड देण्यात आली.

"आंबट हाय," भोयर म्हणाले.

"मिशी गेल्यावर सगळं आंबटच लागते," साहेब म्हणाले.

काकू हसल्या नाहीत. त्यांनी भोयरांच्या हातावर आणखी एक फोड ठेवली आणि उरलेली दहा संत्री वाटायला लागल्या. त्यातले सगळ्यात मोठे भोयरांच्या घरी गेले. त्याचे कारण भोयरांना मोठेपणा वाटला. खरे कारण साबणाच्या पाण्यात होते.

त्या हिवाळ्यात एका सकाळी साहेब उन्हात खुर्ची टाकून बसले होते. मला बोलावून बसवले. झाडाकडे पाहून म्हणाले, "पत्रकार, एक गोष्ट लक्षात आली का? मागच्या पावसाळ्यापासून इतके पाठवले, एकही परत आला नाही. आस्थापनेत असं होत नसते."

मी विचारले, "मग कसं झालं असेल?"

स्वयंपाकघरातून चहा गाळण्याचा आवाज येत होता. साहेबांनी तिकडे पाहिले नाही. "वरच्या लेव्हलवर कोणी तरी लक्ष घालून राहिलं."

"चौकशी लावायची का?"

"काम होऊन राहिलं असताना चौकशी कोणी लावते का, बाप्पा?"

चहा आला. त्यांनी कप घेतला आणि काकूंना म्हणाले, "साखर बरोबर हाय." त्यांना नेमके किती माहीत होते, हे मला सांगता येणार नाही. मी विचारले नाही आणि त्यांनी नोंद ठेवली नाही.

मे महिन्यात कूलरमध्ये पाणी भरताना त्यांच्या छातीत दुखले. दवाखान्यात नेईपर्यंत ते गेले. चार ओळींची निधनवार्ता मी लिहिली. नातेवाइकांनी 'वृक्षप्रेमी' हा शब्द घालायला सांगितला. मी घातला. 'कीटकप्रेमी' अधिक अचूक झाले असते, पण निधनवार्तेत तो हास्यास्पद दिसला असता.

पावसाळा आला. संत्र्याला पालवी फुटली आणि अळ्या आल्या. भोयर आले. मिशी पूर्ववत वाढली होती. "वहिनी, आता तरी एक पंप मारू द्या."

"भाऊ, तुम्ही पैज हरले होते ना?" काकू म्हणाल्या. भोयरांचा हात मिशीवर गेला. पैज कशी जिंकली गेली, ते ठाऊक असलेली दोन माणसे, काकू आणि मी, तिथेच उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गॅलरीतून पाहिले, तर डबा रस्ता ओलांडत होता. तोच, सात भोकांचा. मी खाली गेलो. काकू कढीलिंबापाशी उभ्या होत्या. लग्नपत्रिकेच्या तुकड्यावर एक मोठी हिरवी अळी शिंगे काढून बसली होती. ती शिंगे आत जाईपर्यंत त्या थांबल्या आणि मग तिला पानावर ठेवले.

"काकू, ग्लास?"

"घरी."

"या तर परत येतील."

"येऊ द्या."

"मग झाड?"

त्यांनी पुढची अळी उचलली. "तेव्हा ह्यायचं शील सांभाळायचं होतं. आता माह्यं हाय."

डबा रिकामा झाला. त्यांनी तो उपडा केला, बुडावर दोन टिचक्या मारल्या आणि रस्ता ओलांडला.