अक्कांच्या जबड्याचं हाड

जयसिंगपूरच्या त्रिशलाअक्का मगदूम जैन मंदिरात पूजा सांगायच्या. श्लोक इतके स्वच्छ म्हणायच्या, की बायका त्यांच्या तोंडाकडं बघूनच पुढची ओळ उचलायच्या. खालच्या डाव्या दाढा गेल्यावर त्यांनी कवळी लावली. पण हिरडीखालचं हाड झिजत गेलं, कवळी ढिली झाली आणि एका मोठ्या पूजेत श्लोक म्हणता म्हणता ती जिभेवर घसरली. अक्कांनी पदर तोंडाला लावला. उरलेली पूजा दुसऱ्या बाईनं पुरी केली.

मुलगा जिनेंद्र त्यांना कोल्हापूरला डॉक्टर तेजस्वींकडं घेऊन गेला. डॉक्टरांनी स्कॅन दाखवला.

"इम्प्लांटचा, म्हणजे हाडात रोवायच्या दाताचा, स्क्रू बसेल एवढं हाड उरलेलं नाही, मावशी. आधी पावडर घालून हाड वाढवावं लागेल."

"पावडर कशाची?"

"गाईच्या हाडाची. शुद्ध केलेली असते."

अक्का गळ्याला बांधलेल्या रुमालासकट खुर्चीतनं उठल्या.

घरी त्यांचे यजमान महावीरअण्णा समजवायला लागले, "औषध म्हणून चालतंय की."

"तुम्हाला चालंल. मला त्याच तोंडानं श्लोक म्हणायचाय."

चार दिवसांनी डॉक्टरांचाच फोन आला. कृत्रिम पावडरही मिळते, पण अक्कांच्या जबड्याला त्यांचं स्वतःचं हाड जास्त चांगलं, असं डॉक्टरांचं मत होतं. "जबड्याच्या पार मागचं हाड खरवडून दाढांच्या जागी भरता येईल. पण जखमा दोन होतील. आणि तिथून जवळच एक नस जाते. ओठ बधिर राहण्याचा धोका आहे, तो आधीच सांगते."

अक्का हो म्हणाल्या खऱ्या, पण त्या दिवसापासनं त्यांचं जेवण कमी झालं. ओठच बधिर झाला तर प, फ, ब म्हणायचं कसं?

ऑपरेशनच्या सकाळी त्यांनी एवढंच विचारलं, "टाकं किडं मारून काढलेल्या रेशमाचं न्हाईत न्हवं?"

"नाही. नायलॉनचे."

दुखलं नाही, पण आवाज आला. डोक्याच्या आत कुणी नारळ खवतंय तसा. अक्का डोळे मिटून णमोकार मंत्र मोजत राहिल्या आणि मोजणं सारखं चुकत राहिलं.

भूल उतरली, तरी ओठाचा डावा कोपरा बधिरच राहिला. पाणी पिताना ओघळ हनुवटीवर यायचा आणि त्यांना तो कळायचाही नाही. "तोंड पुसा," असं अण्णांनी सांगितलं, की त्या मोरीत जाऊन रडायच्या. डॉक्टर म्हणाल्या, "नस दुखावली आहे, तुटलेली नाही. पण कधी बरं वाटेल ते खात्रीनं नाही सांगता येत."

महिना उलटून गेल्यावर भाकरी थापताना अक्का एकदम ओरडल्या, "अवो, मुंग्या आल्या! ओठाला मुंग्या आल्या!" अण्णा हातातलं दूध तसंच ठेवून धावले. हळूहळू जाणीव परतली. कोपऱ्यावर बोटाच्या टोकाएवढी जागा तेवढी मुकीच राहिली.

पुढच्या स्कॅनला त्यांनी जिनेंद्रचं मनगट घट्ट धरलं. पुढच्या दाढेच्या जागी भरलेलं हाड धरलं होतं. मागच्या दाढेच्या जागचं विरघळून गेलं होतं.

"पुढं एक इम्प्लांट पक्का बसेल," डॉक्टर म्हणाल्या. "मागं परत करावं लागेल."

"परत न्हाय," अक्का म्हणाल्या. "एकच बसवा."

तो बसला, त्यावर दात चढला आणि ढिली कवळी सुटली. अक्का पुन्हा पूजेला बसू लागल्या, आवाजही खणखणीत निघतो. पण घास अजून उजव्याच बाजूनं चावतात. डॉक्टर म्हणतात, आता भ्यायचं कारण नाही. अक्का मान डोलावतात आणि घास उजवीकडंच सरकवतात.