पालखीचा नारळ कोणाच्या हाती

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी आमच्या घरी येते तेव्हा देवीपुढे नारळ ठेवण्याचा मान घरातल्या सर्वांत थोरल्या पुरुषाचा असतो. अनेक वर्षं तो मान घरातल्या एका वयोवृद्ध नातेवाइकांकडे होता. गेल्या वर्षी ते वारले आणि पुढचा थोरला कोण, हा प्रश्न उभा राहिला. दावेदार दोन होते: माझे वडील आणि त्यांचे चुलत भाऊ, म्हणजे माझे काका. दोघंही ऐंशीच्या पुढे, एकाच घरात वाढलेले, आयुष्यभर एकमेकांना अरे-तुरे करत आलेले.

शाळेच्या दाखल्यांचा उपयोग नव्हता. गुरुजींनी दोघांना एकाच दिवशी पटावर घेतलं होतं आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे दोघांच्याही नावापुढे एकाच वर्षाची जूनची पहिली तारीख घालून ते मोकळे झाले होते. दोघांच्या आया आपापल्या चुलीपाशी आपापला मुलगा मोठा म्हणून सांगत राहिल्या आणि तसंच सांगत वारल्या.

शिमग्याला पंधरवडा उरला असताना काकांनी तोडगा काढला. "तालुक्याला जाऊन बघू. सरकार सांगेल ते मान्य."

"मान्य," वडील म्हणाले. "नंतर शब्द फिरवायचा नाय."

भाट्याचा पूल ओलांडून आम्ही रत्नागिरीत शिरलो तेव्हा सकाळ होती. गाडी मी चालवत होतो. मागच्या सीटवर दोन्ही दावेदार आणि मध्ये पाण्याची बाटली. रस्ताभर चर्चा झाली ती आंब्याच्या मोहोराची. मुद्द्याचं कोणी काही बोललं नाही.

तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूमबाहेर जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांच्या नोंदी शोधणाऱ्यांची रांग होती. आम्ही अर्ज लिहिला, कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला आणि बाकावर बसलो. आमचा नंबर आला तेव्हा खिडकीमागच्या बाईंनी अर्ज वाचून विचारलं, "जन्माची नोंद कशासाठी हवी? पेन्शन?"

"मोठा कोण ते ठरवायचंय," काका म्हणाले.

बाईंनी दोघांकडे पाहिलं. "आजोबा, या वयात?"

"या वयातच," वडील म्हणाले. "अजून थोडी वर्षं गेली तर कोण उरलाय त्यावर ठरेल."

रांगेत हशा पिकला. बाई आत गेल्या आणि आमच्या गावचं जन्म-मृत्यूचं रजिस्टर घेऊन आल्या. पानांच्या कडा झडलेल्या होत्या. आधीची वर्षं मोडी लिपीत होती, पण आम्हाला हवी होती ती पोलीस पाटलाने बाळबोध अक्षरात लिहिलेली. बाळाचं नाव त्यात नसे. बापाचं नाव, मुलगा की मुलगी आणि तारीख, एवढंच. काकांची नोंद दहा मिनिटांत सापडली. वडिलांची सापडेना. पुढचं वर्ष पाहिलं, मागचं पाहिलं. आमच्या आजोबांच्या नावावर त्यानंतरची सगळी भावंडं होती, वडील मात्र नव्हते.

काका खूश झाले. "सरकार म्हणतंय तू जन्मलाच नायस."

"मग इथं उभा कोण आहे?"

"ते तू सरकारला पटव. तोवर नारळ माझा."

 वडिलांनी पुन्हा बाकावर बसून घेतलं आणि चष्मा पुसायला सुरुवात केली. ते हरले तर रागावणार नाहीत, पण शिमग्याला पडवीच्या टोकाला जाऊन उभे राहतील, हे मला दिसत होतं. काकांनाही ते दिसलं असावं. ते शेजारी जाऊन बसले आणि समजुतीच्या सुरात बोलू लागले.

"अरे, तुझी आवस नशीबवान. माझी आवस मरेपर्यंत सांगायची. मी पोटात होतो, तरी भात कांडायला ती एकटी. कारण काकी, तुझी आवस, पहिलटकरीण, ती केव्हाच बाळंतपणाला माहेरी जाऊन बसलेली..."

काका थांबले. आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची जुनी रीत. बाळ ज्या गावात जन्मतं, नोंदही त्याच गावच्या पाटलाकडे होते. काकांच्या आधी त्यांच्या आईला एक मुलगी झालेली होती, म्हणून त्यांचा जन्म सासरी. वडील मात्र पहिले. आजीचं माहेर खाडीपलीकडे, याच तालुक्यात.

बाईंनी काकांचं बोलणं ऐकलं होतं; आजीच्या माहेरचं गाव त्यांनी मला विचारून घेतलं. त्या लगेच उठल्या आणि खाडीपलीकडच्या गावचं रजिस्टर घेऊन आल्या. आजोबांचं नाव, मुलगा, आणि तारीख काकांच्या नोंदीच्या आधीच्या महिन्यातली.

"हे आजोबा मोठे," त्यांनी वडिलांकडे बोट करून सांगितलं.

"म्हणजे माझ्याच तोंडाने घालवलं मी," काका म्हणाले.

"नमस्कार कर," वडील म्हणाले.

"इथं? लोक बघतायत."

"बघू देत. सरकारी साक्षीदार आहेत."

काका खरोखरच वाकले. गुडघ्याने साथ सोडली, वडील सावरायला पुढे झाले आणि दोघंही बाकावर आदळले. रांगेतल्या दोघांनी त्यांना नीट बसवलं. दोघांनाही हसू आवरत नव्हतं.

शिमग्याला पालखी दुपारी आली. अंगणात ढोल वाजत होते. वडिलांनी नव्या धोतरात नारळ घेतला आणि पुढे झाले. त्यांच्या पाठीशी काका उभे होते आणि त्यांच्या सूचना थांबत नव्हत्या. शेंडी देवीकडे कर. आधी हळद. इतका वाकू नको, उठशील कसा?

"गप रे," वडील मागे न बघता म्हणाले.

"व्हय दादा," काका म्हणाले.

वडिलांचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी नारळ ठेवला, शेंडी देवीकडे करून.