ईश्वरीचा पाय

कुडपणच्या संजीवनीच्या लेकीला, चार वर्षांच्या ईश्वरीला, गोठ्यात म्हशीने लाथ मारली आणि मांडीचं हाड मोडलं. महाडच्या दवाखान्यात पोर किंचाळत होती, तेव्हा संजीवनी नुसती बघत उभी होती. तिला रडूच आलं नाही. घरी आल्यावरही ती पोरीला भरवायची, त्याच म्हशीचं दूध काढायची, पण कुणाशी बोलायची नाही.

नवरा हर्षद म्हणाला, "इकून टाकू का गो त्या म्हशीला?"

"कशाला? दुसरी आनली तरी म्हसच ना ती."

प्लास्टर निघाल्यावर काही दिवसांनी ईश्वरी भिंत धरून ओटीवर चालली. शेजारणींनी कौतुक केलं. संजीवनी मात्र मटकन खाली बसली.

"काय झालं गो?" सासूने विचारलं.

"काय नाय. पाय लटपटतायत माजं."